फटकून पडलेला आकडा : सहसंबंध व समाश्रयण यांचा हिशेब करताना घ्यावयाची दक्षता

रब्बी ज्वारीची काढणी आटोपून खळी झाली, की गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वहीत आकड्यांची एकच गर्दी होते. कोणी खत किती घातले, पाण्याच्या पाळ्या किती दिल्या, पेरणी केव्हा साधली आणि अखेर दाणे किती पदरात पडले, या साऱ्याची नोंद तेथे असते. या नोंदींची सांगड घालून अमुक इतके खत वाढविले असता तमुक इतके उत्पन्न वाढते, असा निष्कर्ष काढावासा वाटणे साहजिक आहे. पूर्वी असा हिशेब जिल्ह्याच्या कचेरीत होत असे. आता तो कोणाच्याही खिशातील मोबाईलवर क्षणार्धात होतो. हिशेब सोपा झाला हे चांगलेच झाले. परंतु यंत्राची बेरीज चुकत नाही, म्हणून आपला निष्कर्षही चुकत नाही, असे मात्र नव्हे. आठ-दहा शेतांच्या नोंदींत एखादेच शेत इतरांपासून फटकून असेल, तर तेवढे एक शेत साऱ्या गावाचा निष्कर्ष आपल्याकडे ओढून नेते. हे कसे घडते, ते माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या एका चुकीच्या आधारे सांगण्याचे योजिले आहे.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका कोरडवाहू गावातील आठ शेतकऱ्यांच्या रब्बी ज्वारीच्या नोंदी मी गोळा केल्या. प्रत्येकाने एकरी किती किलो नत्र दिले व एकरी किती क्विंटल धान्य मिळाले, एवढेच दोन रकाने होते. हिशेब हाताने करता यावा म्हणून येथे आकडे थोडे सुटसुटीत करून घेतले आहेत. घोळ मात्र जसाच्या तसा आहे.

पहिला शेतकरी : नत्र १० किलो, धान्य ५.१ क्विंटल
दुसरा : १२ किलो, ४.६ क्विंटल
तिसरा : १४ किलो, ५.२ क्विंटल
चौथा : १६ किलो, ४.९ क्विंटल
पाचवा : १८ किलो, ५.४ क्विंटल
सहावा : २० किलो, ४.८ क्विंटल
सातवा : २२ किलो, ५.० क्विंटल
आठवा : ४० किलो, ९.० क्विंटल

दोन गोष्टी बरोबरीने वाढतात किंवा घटतात काय, हे सांगणाऱ्या अंकास सहसंबंध गुणक म्हणतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. शून्याच्या आसपास असल्यास दोहोंमध्ये सरळ रेषेत दाखविता येईल असा संबंध नाही असे समजावे. १ च्या जवळ गेल्यास संबंध घट्ट आहे असे समजावे. समाश्रयण म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्यासाठी सर्व बिंदूंमधून काढलेली सरळ रेषा. त्या रेषेचा चढ पाहून एक किलो नत्र वाढविल्यास धान्य किती वाढेल हे कळते. ही कल्पना शेतीच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचा जन्मच बियांच्या वाफ्यात झाला. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ साली स्वीट पी या फुलवेलीच्या लहानमोठ्या बियांची पाकिटे आपल्या सात मित्रांना लावण्यासाठी दिली आणि आलेल्या बियांचे आकारमान मूळ बियांशी ताडून पाहिले. त्यांतून पुढे समाश्रयणाचा विचार वाढला. सहसंबंधाचे आज सर्वत्र वापरले जाणारे सूत्र कार्ल पिअर्सन यांनी १८९६ साली मांडले.

वरील आठ शेतांचा हिशेब असा होतो. नत्राची सरासरी १९ किलो व धान्याची सरासरी ५.५ क्विंटल येते. प्रत्येकाचे नत्र या सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्या अंतरांचे वर्ग करावेत. त्यांची बेरीज ६१६ भरते. नत्राचे अंतर व धान्याचे अंतर यांचा प्रत्येक शेतागणिक गुणाकार करून बेरीज घ्यावी, ती ८४.६ भरते. या दुसऱ्या बेरजेस पहिलीने भागले की रेषेचा चढ मिळतो : ०.१३७ क्विंटल, म्हणजे एक किलो नत्रामागे सुमारे १३.७ किलो धान्य. सहसंबंध गुणक येतो ०.९०.

गुणक ०.९० आलेला पाहून मला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणास याहून गोमटा अंक हवा तरी कशाला ? युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एकरी एक गोणी वाढवावी आणि पावणेतीन क्विंटल ज्वारी अधिक घ्यावी, असा सरळ हिशेब मी मांडला आणि चावडीवरील सभेत तो फळ्यावर लिहूनही दाखविला. पुढील रब्बीत गावातील काहींनी तो मनावर घेतला. पीक पोटरीवर येईपर्यंत हिरवेगार दिसत होते. परंतु त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर गेला आणि वाढलेल्या पानोळ्याला जमिनीतील ओल पुरली नाही. कणसे बारीक राहिली. ज्यांनी जादा गोणी घातली त्यांना न घालणाऱ्यांपेक्षा अधिक काही मिळाले नाही, उलट दोघा-तिघांना कमीच मिळाले. खताचा पैसा गेला तो गेलाच. त्यांतील एक वयस्कर शेतकरी मला एवढेच म्हणाले, "साहेब, फळ्यावर आमचं रान कुठलं होतं ?"

या प्रश्नाने मी त्या आठव्या शेतावर गेलो. तेथे आधीच जावयास हवे होते, हे निराळे सांगावयास नको. शेत ओढ्याच्या काठचे निघाले. माती खोल, दरसाल थोडी मळई साचणारी. पेरणीपूर्वी त्या शेतकऱ्याने रानात चार रात्री मेंढ्या बसविल्या होत्या आणि कणसे निसवण्याच्या सुमारास विहिरीचे एक पाणी दिले होते. बाकीची सातही शेते माळाकडच्या मध्यम जमिनीची, निव्वळ पावसाच्या ओलीवर अवलंबून. सधन शेतकऱ्याने युरिया दुप्पट घातला होता हे खरे. पण त्याचे नऊ क्विंटल युरियाचे, मळईचे, मेंढ्यांच्या लेंड्यांचे की पाण्याचे, हे माझ्या दोन रकान्यांवरून कळण्यास काहीच मार्ग नव्हता.

आता आठवे शेत बाजूस ठेवून उरलेल्या सातांचा हिशेब करून पाहू. नत्राची सरासरी १६, धान्याची ५.०. अंतरांच्या वर्गांची बेरीज ११२, गुणाकारांची बेरीज अवघी ०.६. एक किलो नत्रामागे वाढ अर्धा किलो धान्याची. म्हणजे जादा गोणीमागे जेमतेम अकरा किलो. सहसंबंध गुणक ०.०९, म्हणजे संबंध नसल्यासारखाच. एक शेत आत घेतले की ०.९०, बाहेर ठेवले की ०.०९. सात शेतकऱ्यांचे म्हणणे एकाने झाकून टाकले होते.

असे का होते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ते कळले म्हणजे पुढची दक्षता आपोआप सुचते. या हिशेबात अंतराचा वर्ग घेतला जातो. सरासरीपासून ३ किलो दूर असलेल्या सातव्या शेतकऱ्याचा वाटा ९ चा. परंतु २१ किलो दूर असलेल्या आठव्याचा वाटा २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चा. एकूण ६१६ पैकी ४४१ एकट्याचे. गुणाकारांच्या बेरजेतही तसेच : ८४.६ पैकी ७३.५ एकट्या आठव्या शेताचे. आठ जणांच्या सभेत सात जणांनी हात वर केले आणि एकाच्या हाताला सातांहून अधिक मते मोजली, असा हा प्रकार आहे. आडवा दगड हलवावयाचा तर पहार जितकी लांब धरावी तितका जोर कमी लागतो. आडव्या रेषेवर इतरांपासून जितके दूर उभे राहावे, तितका समाश्रयणाच्या रेषेवर आपला जोर अधिक चालतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. नऊ क्विंटल पिकविणारा हाच शेतकरी ४० ऐवजी १६ किलो नत्र घालणारा असता, तर काय झाले असते ? सातांच्या नत्राची सरासरीही १६ च असल्याने रेषेचा चढ तसूभरही बदलला नसता; तो अर्ध्या किलोचाच राहिला असता. रेषा सबंध अर्धा क्विंटल वर उचलली गेली असती इतकेच, आणि सहसंबंध गुणक ०.०९ वरून घसरून ०.०१५ वर आला असता. तेव्हा फटकून पडलेले सर्वच आकडे सारखा घोटाळा करीत नाहीत. उत्पन्नाच्या बाजूने वेगळा असलेला आकडा एक प्रकारे बिघाड करतो. खताच्या बाजूने दूर गेलेला आकडा दुसऱ्या प्रकारे करतो. आणि दोन्ही बाजूंनी दूर असलेला आकडा रेषेला दावे लावून घेऊन जातो.

आणखी एक फसगत आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत धोक्याची. पुष्कळ कार्यकर्ते म्हणतील की, रेषेपासून जो बिंदू सर्वांत लांब पडतो तो शोधून काढला की झाले. आठ शेतांवरून काढलेली रेषा घेऊन हे करून पाहावे. चाळीस किलो नत्रास ती रेषा ८.४ क्विंटल सांगते, प्रत्यक्षात ९.० आले. फरक सहा-दशांश क्विंटलचा. बावीस किलोंस ती ५.९ सांगते, सातव्या शेतकऱ्यास प्रत्यक्षात ५.० मिळाले. फरक नऊ-दशांश क्विंटलचा. म्हणजे रेषेपासून लांब दिसतो तो बिचारा सातवा शेतकरी, आणि जो साऱ्या घोटाळ्याचे मूळ तो आठवा रेषेच्या जवळ साळसूदपणे उभा ! कारण उघड आहे : रेषाच त्याने आपल्याकडे ओढून घेतलेली आहे. म्हणून तपास करावयाचा तो संशयित शेत बाजूस ठेवून काढलेल्या रेषेने करावा. सात शेतांची रेषा चाळीस किलोंस ५.१ क्विंटल सांगते, प्रत्यक्षातील ९.० त्यापासून जवळजवळ चार क्विंटल दूर आहेत. प्रत्येक नोंद एकेकदा बाहेर ठेवून रेषा किती हलते ते पाहण्याची हीच रीत आज संख्याशास्त्रात रूढ आहे. डेनिस कुक यांनी १९७७ साली तिच्यासाठी एक माप सुचविले व ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. आठ-दहा नोंदींसाठी मात्र मापाचीही गरज नाही. एक नोंद झाकून हिशेब पुन्हा करावा, एवढे पुरे.

आतापर्यंत फटकून पडलेल्या आकड्याने नसलेला संबंध निर्माण केल्याचे पाहिले. उलटही घडते, आणि त्यासाठी सधन शेतकरी वा मेंढ्या लागत नाहीत. लेखणीचे टोक पुरते. गव्हाच्या पाण्याच्या पाळ्यांचे हे उदाहरण हिशेबासाठी रचले आहे. १, २, ३, ४, ५ व ६ पाळ्या दिलेल्या सहा तुकड्यांत एकरी अनुक्रमे ४, ६, ७, ९, १० व १२ क्विंटल गहू झाला असे समजा. सहसंबंध गुणक ०.९९६ येतो आणि दर पाळीमागे सुमारे दीड क्विंटल वाढ दिसते. आता नोंद उतरवून घेताना शेवटचे १२.० चुकून १.२० असे लिहिले गेले. दशांशचिन्ह एक घर सरकले, दुसरे काही नाही. पुन्हा हिशेब करावा. गुणाकारांची बेरीज शून्य येते. चढ शून्य आणि सहसंबंधही शून्य! पाणी व गहू यांचा काही संबंध नाही, असा अहवाल जावयास एक टिंब पुरले. ज्यांना खात्री नसेल त्यांनी कागदावर मांडून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

या दोन्ही चुका टाळण्याचा पहिला उपाय अगदी साधा आहे : हिशेबापूर्वी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडावेत. खालच्या ओळीत खत, उभ्या ओळीत उत्पन्न, आणि दर शेताचा एक ठिपका. आठ शेतांचे ठिपके मी तसे मांडले असते, तर डाव्या कोपऱ्यात सातांचा पुंजका आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात एकटा ठिपका असे चित्र लहान मुलासही दिसले असते. केवळ अंकांवर विसंबणे किती फसवे आहे, हे फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ साली चार लहान तक्त्यांनी दाखवून दिले. चारही तक्त्यांत अकरा-अकरा जोड्या. चारही ठिकाणी सरासरी त्याच, सहसंबंध गुणक ०.८२ च्या आसपास तोच आणि समाश्रयणाची रेषाही तीच. पण ठिपके मांडले की पहिल्यात साधा विखुरलेला कल, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ एका रेषेत व एकच वर उडालेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एका उभ्या ओळीत व एक दूर उजवीकडे. या चौथ्या चित्रात सबंध रेषा त्या एका ठिपक्यावर उभी आहे. तो उचलला तर रेषा काढताच येत नाही. माझे आठवे शेत या चौथ्या चित्राचे जवळचे नातलग होते. अँस्कोम्ब यांनी काही काळ इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम केले होते, हे येथे सांगण्यास हरकत नाही.

ठिपका वेगळा दिसला की पुढचे काम वहीचे नव्हे, बांधावरचे असते. प्रथम मापाची चूक आहे काय ते पाहावे. गुंठ्यांचे उत्पन्न एकराच्या रकान्यात गेले आहे काय. ओल्या कणसांचे वजन वाळलेल्या दाण्यांचे म्हणून आले आहे काय. गोणीचे वजन वजा केले आहे काय. पीक कापणी प्रयोगात ही बाब फार महत्त्वाची ठरते. बहुतेक धान्यपिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा कापतात. तो हेक्टरचा दोनशेवा भाग होय. म्हणजे तुकड्याच्या वजनात एक किलोची चूक झाली, तर हेक्टरी हिशेबात ती दोन क्विंटलांची होते. दोरी सैल धरली आणि कडेच्या दोन ओळी आत आल्या तरी असेच. फार लहान तुकडे घेतले की कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न वाजवीहून अधिक दिसते, हे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले होते. त्यांनी वि. गो. पानसे यांच्यासह लिहिलेला शेतीविषयक संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. कृषी महाविद्यालयांत शिकलेल्या अनेकांनी तो हाताळलेला असेल.

माप बरोबर निघाल्यास शेत निराळ्या जातीचे आहे काय ते पाहावे. जुना उकिरडा वा गोठा मोडून केलेली जागा, पाझर तलावाखालील ओल, धरणाच्या गाळाने भरलेली ताल, आदल्या हंगामात घेतलेला हरभरा, अथवा उलट बाजूने चोपण जमीन, झाडाची सावली, रानडुकरांनी केलेली नासधूस. असे कारण सापडले तर ते शेत खोटे ठरत नाही. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असते. माळाकडच्या मध्यम जमिनीस किती नत्र द्यावे, हा माझा प्रश्न होता. ओढ्याकाठच्या ओलिताच्या शेताने त्या प्रश्नास उत्तर दिलेच नव्हते. मी ते त्याच्या तोंडी घातले.

मग असा आकडा खोडून टाकावा काय ? याविषयी मी हट्टाने नाही म्हणेन. चूक निश्चित सापडली, उदाहरणार्थ दशांशचिन्ह सरकले, तर ती दुरुस्त करावी आणि दुरुस्ती केल्याचे समासात लिहावे. चूक सापडली नाही, तर आकडा वहीतच राहिला पाहिजे. हिशेब दोनदा करावा, एकदा त्याला धरून व एकदा सोडून. आणि दोन्ही उत्तरे पुढे पाठवावीत. दोहोंत फारसा फरक नसेल तर प्रश्नच मिटला. पुष्कळ फरक असेल तर या नोंदींवरून शिफारस करता येत नाही, हाच त्या हिशेबाचा निष्कर्ष होय. तो लिहिण्यास संकोच वाटतो खरा. मलाही त्या वर्षी वाटलाच असता.

खोडण्याची सवय कोठे नेते ते पीक विम्याच्या कामात स्पष्ट दिसते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरविण्यासाठी कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. प्रयोगाचे शेत सहेतुक निवडावयाचे नसते. ते यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी काढावी तशा रीतीने ठरते. त्यात एखादा तुकडा निम्म्याहून कमी पिकलेला निघाला, तर हा फारच वेगळा दिसतो म्हणून शेजारचे बरे शेत कापण्याचा मोह होतो. पण अवर्षण गावावर सारखे पसरत नाही. तो कमी पिकलेला तुकडा म्हणजे त्या वर्षाची खरी हकीकत असू शकते, आणि तो बदलला तर सरासरी वर सरकून जे नुकसान भरून यावयाचे ते कागदावर नाहीसे होते. दोन-अडीचशे घरांचा प्रश्न एका दोरीच्या जागेवर अडकलेला असतो.

फटकून असलेल्या गोष्टीचे चीज करणाराही आपल्यातच होऊन गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत, 'पटेल ३' या वाणामध्ये, इतरांहून निराळ्या दिसणाऱ्या दोन-चार लोंब्या आढळल्या. भेसळ समजून उपटून टाकण्याजोग्याच त्या होत्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या लावल्या आणि त्यांतून 'एचएमटी' म्हणून पुढे दूरवर पोहोचलेला तांदूळ तयार झाला. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. खोब्रागडे यांनी त्या लोंब्या बाकीच्या धानात मिसळून सबंध बांधीची सरासरी फुगविली नाही. त्यांनी त्यांची वेगळी लागवड करून पारख केली.

फटकून पडलेल्या आकड्याचा जोर कमी करणाऱ्या रीतीही आहेत; त्या थोडक्यात सांगतो. पहिली, प्रत्यक्ष आकड्यांऐवजी क्रम घेण्याची. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली ती मांडली. सर्वांत कमी नत्रास पहिला क्रम, त्याहून अधिकास दुसरा, आणि धान्यासही तसेच. आठव्या शेताचे नत्र ४० असो वा ४००, त्याचा क्रम आठवाच राहतो. आपल्या आठ शेतांचा क्रमांवरून काढलेला सहसंबंध ०.३३ येतो, ०.९० नव्हे. दुसरी रीत रेषेच्या चढासाठी : दर दोन शेतांची जोडी घेऊन त्या जोडीपुरता चढ काढावा आणि सर्व चढ चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. हेन्री थाईल यांनी १९५० साली व कलकत्त्यात शिकलेले प्रणवकुमार सेन यांनी १९६८ साली या रीतीचा विचार केला. आठ शेतांच्या २८ जोड्या होतात. त्यांतील चौदावा व पंधरावा चढ यांच्या मधोमध किलोमागे सुमारे ३.९ किलो धान्य असे उत्तर येते. १३.७ च्या मानाने हे पुष्कळच सावध आहे. तथापि या रीती म्हणजे शेतावर न जाण्याचे निमित्त होऊ नये. मेंढ्या बसविल्या होत्या, हे कोणतेही सूत्र सांगत नाही.

वहीच्या रकान्यांबाबत एक सूचना करतो. खत व उत्पन्न यांच्या जोडीस जमिनीची खोली, पाण्याची सोय, आदले पीक आणि शेणखत वा मेंढ्या, एवढे चार रकाने प्रत्येक नोंदीस ठेवावेत. शेरा म्हणून एक कोरा रकानाही असावा. माझ्या अनुभवाने सर्वांत उपयोगी तोच पडतो. तसेच आठ शेते निवडताना सात जण १० ते २२ किलोंच्या दरम्यान आणि एकटाच ४० वर, अशी निवड होऊ देऊ नये. २५, ३० व ३५ किलो घालणारे कोणी नसतील, तर त्या अवकाशात काय घडते ते आपणास ठाऊक नाही. रेषा तेथून जाते म्हणून ते ठाऊक झाले असे होत नाही. शक्य असेल तेथे शेतकऱ्यांच्या नोंदींवर न थांबता एकाच शेताचे सारखे तुकडे पाडून खताच्या मात्रा चिठ्ठीने वाटून द्याव्यात.

त्या गावी पुढील वर्षी आम्ही तसेच केले. माळाकडच्या दोन शेतांत प्रत्येकी सहा तुकडे पाडून ० ते ३० किलोंपर्यंतच्या नत्राच्या मात्रा दिल्या, आणि आता जमिनीतील ओल पाहूनच मात्रा ठरविण्याचे गावाने स्वीकारले आहे. आठव्या शेतकऱ्याने मात्र स्वतःहून एक निराळाच प्रश्न काढला. त्याचे म्हणणे असे की, ओढ्याकाठचे रान, मेंढ्या आणि विहिरीचे पाणी एवढे असताना युरियाची दुसरी गोणी त्याला तरी लागते काय ? माझ्याजवळ उत्तर नव्हते. येत्या रब्बीत त्याच्या शेताच्या मधोमध दोरी धरून अर्ध्या भागात एक गोणी व अर्ध्या भागात दोन, अशी तीन जोड्यांत आखणी करण्याचे ठरले आहे. मेंढ्या दोन्ही भागांत सारख्याच रात्री बसतील, एवढी काळजी घेण्यास मेंढपाळास सांगितले आहे.